अण्णाभाऊंची मुंबई सिलॅबसमध्ये कधी येणार? अभ्यास मंडळाला एक खुलं पत्र

मराठी अभ्यास मंडळाच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

नवीन सिलॅबसची जुळवाजुळव चालू आहे असं कानावर आलंय म्हणून हे पत्र. विद्यापीठाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एकतर हे थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी लागू आहे असं मला वाटतं, आणि दुसरं म्हणजे नाव टाकलं की मुद्दा बाजूला राहतो आणि पत्र कोणी लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं याचीच चर्चा होते. मी मुंबईतल्या एका रात्र महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, दिवसा दुसरी नोकरी करतो, एवढी ओळख पुरे.

मागणी एकच आहे, आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. अण्णाभाऊ साठेंचं मुंबईवरचं लेखन मुख्य पेपरात घ्या. ऐच्छिक पेपरात नको, 'साहित्यिक परिचय' म्हणून दोन पानांत गुंडाळलेलं नको, उतारा नको. पूर्ण कथा, पूर्ण कादंबरी द्या आणि अण्णाभाऊ एक शहरी कादंबरीकार म्हणून शिकवू द्या.

आता तुम्ही म्हणाल अण्णाभाऊ आहेत की आमच्याकडे. आहेत ना. 'फकिरा' आहे. १९५९ ची कादंबरी, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली, १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळालेली, सगळं मान्य. पोरं ती मनापासून वाचतात, काहीजण तर सिलॅबस संपल्यावरही वाचतात, माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण वारणेचं खोरं, इंग्रजांचा अंमल, दुष्काळ, खजिना लुटून उपाशी लोकांना जगवणारा नायक हे शिकवणं आपल्याला सोपं जातं हेही मान्य करा. शत्रू गोरा आहे, तो निघून गेलाय, नायक मेलाय, आणि 'फकिराचे स्वभावचित्र रेखाटा' असा दहा मार्कांचा प्रश्न काढला की विषय संपला. वर्गात बसलेल्या कोणालाच अवघडल्यासारखं होत नाही. मुंबईवाल्या अण्णाभाऊंचं तसं नाही, त्यांच्या कथांमधले लोक अजून जिवंत आहेत आणि ते माझ्या वर्गात पावणेसातला धापा टाकत येऊन बसतात.

दुसरी गोष्ट ती दीड दिवसाच्या शाळेची. मी जेवढ्या उत्तरपत्रिका तपासल्या त्यातल्या बहुतेकांची सुरुवात ठरलेली, 'अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला, ते फक्त दीड दिवस शाळेत गेले'. पोरांचा दोष नाही, गाईडमध्ये तेच आहे आणि व्याख्यानांतही तेच. कौतुक म्हणूनच सांगतात, पण त्याचा परिणाम काय होतो बघा, माणूस चमत्कार होऊन बसतो आणि चमत्काराचं तंत्र कोणी तपासत नाही. त्याने कथा कुठे सुरू केली, कुठे थांबवली, एखादा प्रसंग रात्रीच का ठेवला, निवेदक कोणाच्या बाजूला उभा आहे हे प्रश्न आपण खांडेकर-फडक्यांना विचारतो, अण्णाभाऊंना विचारत नाही, त्यांना फक्त हार घालतो. शाळा दीड दिवसाची असेल हो, पण शिक्षण त्याच्या कितीतरी पट मोठं होतं! गावाकडून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला पोरगा, भायखळ्याची चाळ, हमाली, कोळसा वाहणं, गिरणी, माटुंग्याचा लेबर कॅम्प, कम्युनिस्ट पक्षाच्या बैठका, मग १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकरांबरोबर उभं केलेलं लालबावटा कलापथक. हजारो कामगारांसमोर उभं राहून, कुठल्या ओळीला लोक हसतात आणि कुठल्या ओळीला उठून जातात हे जो रोज बघतो त्याला वाचक काय असतो ते आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता मूळ मुद्दा. दुभंगलेल्या शहराबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, इकडे टॉवर तिकडे झोपडी, फोटो काढायला सोपं. अण्णाभाऊंची मुंबई अशी नाही. ते सांगतात की हे दोन भाग शेजारी शेजारी पडलेले नाहीत, एक दुसऱ्याच्या जिवावर चाललाय, आणि ते सांगायला ते भाषण देत नाहीत, माणसाला कामावरून काढतात आणि पुढे काय होतं ते दाखवतात.

'स्मशानातील सोनं' घ्या. कथा तुम्हाला पाठ असेल पण जरा मुंबईची कथा म्हणून वाचा. भीमा गावाकडून येतो, पहाडासारखा गडी. मुंबईत काम नाही, निवारा नाही, म्हणून उपनगरात येतो आणि दगडाच्या खाणीत लागतो. खाणीतला दगड जातो कुठे? शहराच्या बांधकामाला. म्हणजे ज्या शहराने त्याला आत घेतलं नाही त्याच शहरासाठी तो बाहेर बसून दगड फोडतोय. मग खाण बंद पडते. कोणी चिठ्ठी देत नाही, कारण सांगत नाही, बंद म्हणजे बंद. घरात बायको आणि लहान पोर. आणि मग त्याला मढ्याच्या राखेत सोनं सापडतं. श्रीमंताच्या तोंडात, अंगावर मेल्यावरसुद्धा सोनं ठेवून जाळतात किंवा पुरतात, आणि इकडे जिवंत माणसाला दळणाला पैसे नाहीत. मी वर्गात इथे थांबतो आणि काहीच बोलत नाही, बोलायची गरजच पडत नाही.

पुढे भीमाचं गणित बदलतं. दिवसभर घाम गाळून जे मिळायचं त्याच्यापेक्षा राखेत जास्त मिळतंय म्हटल्यावर तो स्मशानालाच कामाची जागा समजायला लागतो. एका रात्री तो बड्या माणसाचं मढं उकरायला जातो, तिथे कोल्ह्यांशी त्याची जी लढाई होते ती मराठीतल्या सगळ्यात भयानक लढायांपैकी एक आहे असं माझं मत आहे, कारण दोघेही पोटासाठीच आलेत. त्यानंतर मढ्याच्या जबड्यात पहार घालून तो बोटं आत सारतो, सोनं मिळतं, पहार निघते आणि जबडा मिटतो. बोटं अडकतात. मेलेला माणूस जिवंत माणसाला सोडत नाही. शेवटी बोटं कापावी लागतात, आणि त्याच सुमाराला खबर येते की खाण पुन्हा चालू होणार.

हा शेवट नीट शिकवायचा तर किमान दोन तास पाहिजेत. बोटं गेली म्हणजे पहार गेली, पहार गेली म्हणजे काम गेलं. नियतीचा खेळ वगैरे म्हणून आपण तो सोडून देतो ('कथेचा शोकात्म शेवट', चार मार्क) पण इथे नियतीचा काही संबंध नाही. खाण कधी बंद करायची आणि कधी चालू करायची हे कोणीतरी माणसाने ठरवलंय आणि तो माणूस कथेत एकदाही समोर येत नाही. मालक दिसत नाही. ही कारागिरी आहे. भीमा ज्यांच्याशी लढतो ते कोल्हे आणि मढं, ज्याच्याशी लढायला पाहिजे तो कथेच्या बाहेर राहतो. प्रचारकी लेखकाने पहिलं काम काय केलं असतं तर मालकाला आणून उभा केला असता, सिगार वगैरे देऊन.

याच्या जोडीला 'मुंबईची लावणी' ठेवा. लावणी म्हटलं की शृंगार, आणि या माणसाने त्या साच्यात शहर ओतलं. सुरुवातच वर मलबार हिलवर, आणि लगेच खाली परळात, रात्रंदिवस राबणाऱ्यांकडे. उंची आणि सपाटी. नकाशा काढून दाखवला अक्षरशः. माझ्या वर्गात एकजण परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटीला आहे, तो म्हणाला सर आता मलबार हिलला जायची गरज नाही, परळातच चाळीसाव्या मजल्यावर मलबार हिल आहे. दुसरा डिलिव्हरीचं काम करतो, त्याने लगेच सर्व्हिस लिफ्टचा विषय काढला. म्हणजे काही बिल्डिंगांमध्ये पार्सल आणणाऱ्याने, मोलकरणीने, कचरा नेणाऱ्याने मेन लिफ्ट वापरायची नाही, वेगळी लिफ्ट, ती बंद असेल तर थांबा. त्या दिवशी अर्धा तास वर्ग मी चालवला नाही, पोरांनीच चालवला. पण परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत आणि लावणी सिलॅबसमध्ये नाही, त्यामुळे तो अर्धा तास कागदोपत्री 'विषयांतर'.

आणि ते परळ राहिलंय कुठे, हा प्रश्न येणार. १९८२ च्या १८ जानेवारीला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, तो संप नीट मिटला असं कधी झालंच नाही. मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली, गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेला महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात असा बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचीच, म्हणजे ज्यावर गिरणीच्या इमारती उभ्या आहेत ती हिशोबातून बाहेर. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. आज लोअर परळला उतरलात तर चिमणी दिसते ती मॉलच्या मागे शोभेला. गिरणी कामगारांसाठी बांधलेले रेल्वेचे पूल ऑफिसच्या गर्दीला पुरेनात, २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. हे सगळं मी पोरांना सांगतो तेव्हा कोणी विचारतं, सर हे मराठीच्या पेपरात येतं का. काय सांगू? बंद खाणीसमोर उभा असलेला भीमा आणि बंद गिरणीसमोर उभी असलेली त्यांची आजोबा-वडिलांची पिढी यांच्यात अंतर किती आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, मला फक्त ते लेखनाशी जोडायची परवानगी पाहिजे.

जागेचंही तेच. बीडीडी चाळी, म्हणजे सरकारने बांधलेल्या कामगारांच्या चाळी, १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फूट, त्यात तीन-तीन पिढ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत मुंबईची ४० टक्क्यांहून जास्त वस्ती झोपडपट्टीत मोजली गेली. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहायचे आणि बरंचसं लेखन तिथेच झालं. हे आपण 'हलाखीतही लिहिले' असं सांगतो, म्हणजे झोपडी हा अडथळा आणि लेखन तिच्यावर मात करून आलेलं. मला ते उलटं वाटतं. तिथून शहर जसं दिसतं तसं दादरच्या ब्लॉकमधून दिसत नाही, नळावरचं भांडण, दारूचा धंदा, पोलिसाचा हप्ता, गावाकडून आलेला नवा माणूस कोणाच्या ओळखीने कुठे टेकतो, बाई एकटी असेल तर वस्ती तिच्याशी कशी वागते, हे सगळं त्यांना बघायला बाहेर जावं लागत नव्हतं. 'चित्रा' कादंबरीत गावाकडच्या मुलींना शहराचा बाजार कसा गिळतो आणि त्यातली एक कशी उलटून उभी राहते ते आलंय, ते वस्तीत न राहणाऱ्याने लिहिलं असतं तर एकतर दया आली असती नाहीतर चटक. अण्णाभाऊंनीच एका प्रस्तावनेत म्हटलंय की जीवनाचा आधार नसेल तर प्रतिभा अंधारातल्या आरशासारखी निरुपयोगी ठरते. हे वाक्य फळ्यावर लिहून एक अख्खं युनिट शिकवता येईल.

'माझी मैना गावावर राहिली' पण इथेच घ्या, लोकगीत म्हणून वेगळं काढू नका. गाणं सगळ्यांना माहिती, चालही माहिती, पण ते मुंबईत एकट्या राहणाऱ्या कामगाराचं गाणं आहे हे वर्गात सांगावं लागतं. बायको गावाला, हा इथे एका खोलीत दहा-बाराजणांबरोबर राहणारा, खानावळीत जेवणारा. गिरणगावातली निम्मी माणसं तशीच जगली. आणि मग गाणं बघता बघता संयुक्त महाराष्ट्रावर जातं, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव मागे राहिले ते मैनेसारखे. विरह आणि राजकारण एकाच दमात. माझ्याकडे आज जी पोरं आहेत त्यातली काही बिहार-यूपीची आहेत, मराठी घेऊन शिकतायत, त्यांची मैना अजून गावावरच आहे, त्यांना हे गाणं समजावून सांगायला लागत नाही.

आता तुमचे आक्षेप. मला काही तोंडपाठ आहेत कारण एका सेमिनारच्या चहाच्या वेळी मी ते ऐकलेत.

पहिला, अण्णाभाऊ दलित साहित्याच्या पेपरात आहेतच, परत कशाला. बरोबर, आणि तिथे असायलाच पाहिजेत, १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे हे ते तिथेच बोलले. पण त्या वाक्यात कष्टकरी हा शब्दही आहे ना. शहर, मजुरी, बेकारी, घर यावर लिहिणारा माणूस फक्त एका ऐच्छिक पेपरात ठेवला की जो विद्यार्थी तो पेपर घेत नाही त्याला मराठी कादंबरी म्हणजे वाडा, कॉलेज, फार तर मध्यमवर्गीय ब्लॉक एवढीच दिसते. आणि तो पेपर कोण घेतं, कोण घेत नाही, हे तुम्हालाही माहिती आहे, मी लिहायला नको.

दुसरा, लेखन प्रचारकी आहे. काही आहे. नाही म्हणत नाही. मालक दिसत नाही त्या गोष्टीचं वर सांगितलं तसं सगळीकडे होत नाही, काही ठिकाणी खलनायक मिशा पिळतच येतो. तीसपेक्षा जास्त कादंबऱ्या लिहिल्या माणसाने, पोटासाठी लिहिल्या, भराभर लिहिल्या, काहींचे शेवट सरळ सरळ पिक्चरसाठी केल्यासारखे वाटतात, नायिका जरा जास्तच सुंदर, योगायोग जरा जास्तच वेळेवर. मग हे पण शिकवू या की! लेखनावर जगणाऱ्या कामगार लेखकाला प्रकाशकाच्या तारखा, मानधन, सिनेमावाल्यांची मागणी यातून काय काय करावं लागतं हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय नाही का? सगळं उत्तमच आहे असं म्हणून देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा कुठे जमलंय आणि कुठे घसरलंय हे वाचून दाखवणं मला जास्त आदराचं वाटतं. जयंतीच्या स्टेजवर हे बोलता येत नाही, वर्गात तरी बोलू द्या.

तिसरा, पुस्तकं मिळत नाहीत. हा मात्र खरा. मिळतात ती कुठल्या आवृत्तीची, किती छपाईच्या चुका, कोणी मधले परिच्छेद खाल्लेत का, काही कळत नाही. माझी पोरं तिसऱ्या झेरॉक्सची झेरॉक्स वाचतात, त्यात उजव्या बाजूची दोन-दोन अक्षरं उडालेली असतात. पण यावरही उपाय तुमच्याच हातात आहे, पुस्तक सिलॅबसला लागलं की प्रकाशक स्वतःहून नीट आवृत्ती काढतो, खप नक्की असतो म्हणून. विद्यापीठाने एक तपासलेला, शेवटी कठीण शब्दांची यादी असलेला संच काढला आणि फुकट पीडीएफ दिली तर सोन्याहून पिवळं, पण तेवढी आशा मी धरत नाही.

प्रश्नपत्रिकेचं एक सांगायचं राहिलं. जे काही घ्याल त्यावर 'अण्णाभाऊंच्या जीवनकार्याचा परिचय करून द्या' हा प्रश्न कृपा करून टाकू नका, त्याने गाईडवाल्यांचंच भलं होतं. त्याऐवजी इंटर्नलच्या वीस मार्कांसाठी असं ठेवा की विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाच्या जागेबद्दल दोन पानं लिहायची, कोण आत जातं, कोण कुठल्या दाराने जातं, कोणाला बसायला खुर्ची असते, आणि ती दोन पानं अण्णाभाऊंच्या एखाद्या कथेशेजारी ठेवून बोलायचं. मी हे मार्क न देता करून बघितलंय. जी पोरं एरवी पाच ओळींच्या वर लिहीत नाहीत त्यांनी पानं मागून घेतली. एका मुलीने मॉलमधल्या बाथरूमबद्दल लिहिलं होतं, सेल्सगर्लना ग्राहकांचं वापरायचं नाही आणि स्टाफचं तीन मजले खाली, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. खाडाखोड खूप होती, शुद्धलेखनाचे तर बोलायलाच नको, पण निवेदन असं की मला त्यात एक शब्द बदलावासा वाटला नाही.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. त्यानंतर त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं, पुतळे झाले, महामंडळ झालं, चिरागनगरातल्या स्मारकाच्या घोषणा झाल्या. हे सगळं सरकारच्या हातातलं. सिलॅबस तुमच्या हातात आहे, त्याला ना निधी लागतो ना भूमिपूजन, एका बैठकीत ठराव होतो.

बैठकीला बाहेरच्या शिक्षकांना बोलवायची सोय असते असं ऐकलंय. मला बोलावलंत तर मी येईन, दोन-तीन विद्यार्थ्यांनाही आणीन, त्यांना सुट्टी मिळाली तर. फक्त वेळ संध्याकाळी साडेसहानंतरची ठेवू नका, तेव्हा आमचा वर्ग असतो.

आपला,
रात्र महाविद्यालयातला एक मराठीचा शिक्षक